दारूबद्दल विचारायचं कसं? काही साध्या प्रश्नांचा इतिहास

आज मी तुम्हाला काही प्रश्नांची गोष्ट सांगणार आहे. हे प्रश्न दवाखान्यात विचारायचे असतात, आणि ते तयार व्हायला जगातल्या कितीतरी डॉक्टरांची तीस-चाळीस वर्षं गेली.

आपण आरोग्य केंद्रात गेलो की केसपेपर काढतो. मग ताप कधीपासून आहे, जेवण जातं का, शुगर आहे का, बीपी आहे का, असं सगळं विचारलं जातं. पुरुष पेशंट असेल तर पुष्कळदा तंबाखूचंही विचारतात. दारूचा प्रश्न मात्र तोंडाला वास आला किंवा माणूस झोकांड्या खात आला तरच निघतो. म्हणजे जे सगळ्यांना दिसतंय, तेवढंच विचारलं जातं.

गावात आपलंही तसंच आहे. "तो दारुडा आहे" असं आपण कुणाला म्हणतो? जो रस्त्यात पडतो, घरातली भांडी विकतो, कामावर जात नाही, त्याला. जो आठवड्यातून दोनदा पितो, बाजाराच्या दिवशी जास्त पितो, पण दुसऱ्या दिवशी कामाला जातो, त्याला आपण "घेतो थोडी" म्हणून सोडून देतो. गटाच्या हप्त्याचे पैसे कमी पडायला लागतात ते याच माणसाच्या घरात. त्याचं यकृत आतून खराब व्हायला लागतं, तेही याच काळात. पण नाव घ्यायची वेळ येते तेव्हा पाच-दहा वर्षं उलटून गेलेली असतात.

ही मधली वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून प्रश्न तयार झाले. त्यांचा इतिहास आपल्याला माहीत असावा असं मला वाटतं, कारण त्यात विचारायचं काय एवढंच नाही, तर विचारायचं कसं, हेही आहे.

पंचवीस प्रश्नांपासून सुरुवात

पूर्वी बहुतेक देशांत दारूचं व्यसन म्हणजे पाप किंवा मनाचा कमकुवतपणा असंच मानत. माणूस दवाखान्यात आला तर त्याच्या पोटातल्या पाण्यावर किंवा जखमेवर इलाज करायचे आणि घरी पाठवायचं. तो पुन्हा यायचा. मूळ कारणाचं नाव केसपेपरवर यायचंच नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मेल्विन सेल्झर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९७१ साली २५ प्रश्नांची एक यादी छापली. पिण्यावरून बायको काळजी करते का, तक्रार करते का? कामावर अडचण आली का? पिऊन गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी पकडलं का? दारूमुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलं का? असे ते प्रश्न होते, आणि उत्तर हो किंवा नाही असं द्यायचं.

यात एक मोठी गोष्ट झाली. डॉक्टरच्या मर्जीवर किंवा अंदाजावर न राहता सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारता येऊ लागले. पण दोन अडचणी होत्या. गर्दीच्या ओपीडीत २५ प्रश्न विचारायला वेळ कुणाला आहे? आणि दुसरं म्हणजे, नोकरी गेली, पोलिसांनी धरलं, भरती व्हावं लागलं, या सगळ्या घडून गेलेल्या गोष्टी आहेत. म्हणजे घर जळाल्यावर आग लागली होती का, असं विचारण्यासारखं.

चार प्रश्नांचा पिंजरा

त्याच सुमाराला अमेरिकेच्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यात जॉन यूइंग नावाचे डॉक्टर वेळेची अडचण सोडवत होते. दवाखान्यात दुसऱ्याच आजारासाठी भरती झालेल्या माणसांशी बोलून त्यांनी पाहिलं की कोणत्या थोड्या प्रश्नांवरून दारूचा त्रास असलेला माणूस ओळखू येतो. त्यांना चार प्रश्न सापडले. इंग्रजीत त्या चार प्रश्नांतल्या मुख्य शब्दांची पहिली अक्षरं जोडली की 'केज' असा शब्द होतो. केज म्हणजे पिंजरा. नाव लक्षात राहायला सोपं, म्हणून ते जगभर पसरलं. १९८४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात ते छापून आलं, आणि त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते शिकवलं जाऊ लागलं.

ते चार प्रश्न आपल्या भाषेत सांगायचे तर असे. दारू कमी करायला हवी असं तुम्हाला कधी वाटलं का? तुमच्या पिण्यावरून लोक बोलले म्हणून कधी राग आला का? पिण्याबद्दल कधी मनाला टोचणी लागली का? आणि अंगाची थरथर थांबावी किंवा रात्रीची उतरावी म्हणून सकाळी उठल्या उठल्या कधी प्यायलात का? दोन किंवा त्याहून जास्त उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरनं पुढे नीट चौकशी करायची.

बघा, यात 'किती पिता' हा प्रश्नच नाही, आणि तो मुद्दाम नाही. किती पितोस असं विचारलं की माणूस सावध होतो आणि "कधीतरी, थोडीशी" असं ठरलेलं उत्तर देतो. मनाला काय वाटतं असं विचारलं की तो बोलतो.

हे नुसतं अंदाजानं सांगत नाही. १९९३ साली अमेरिकेत याची परीक्षा घेतली गेली. दारूचं व्यसन असल्याचं ज्यांच्याबद्दल माहीत होतं, अशा पेशंटना हेच चार प्रश्न दोन तऱ्हांनी विचारले. काहींना आधी "तुम्ही किती पिता, किती वेळा पिता" असं विचारलं आणि मग चार प्रश्न. काहींना आधी मोकळेपणी "तुमच्या पिण्याबद्दल जरा सांगा" असं म्हटलं आणि मग तेच चार प्रश्न. मोकळेपणी विचारलेल्यांत शंभरातले ९५ ओळखू आले. 'किती' नं सुरुवात केली तिथे शंभरातले फक्त ३२. प्रश्न तेच, पेशंटही तसेच, फरक होता तो सुरुवात कशी केली याचा.

मैत्रिणींनो, आपण घरात काय विचारतो? "आज पुन्हा पिऊन आलात? किती ढोसली?" आपला राग खरा असतो, तो यायलाच हवा. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर कधी मिळत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

लंडनमधल्या शंभर जोडप्यांची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, ओळखलं तरी पुढे काय? नुसतं बोलून दारू सुटते का?

हाच प्रश्न लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स या डॉक्टरांनी विचारला. त्यांनी दारूचं व्यसन असलेले १०० विवाहित पुरुष घेतले. सगळ्यांची नीट तपासणी केली. मग निम्म्यांना त्या काळातले सगळे उपचार कित्येक महिने दिले. बाकीच्या निम्म्यांना बायकोसह एकदा समोर बसवलं आणि परिस्थिती काय आहे ते समजावून सांगितलं. दारू सोडायची जबाबदारी आता तुमची आहे, असं स्पष्ट सांगून घरी पाठवलं. एक वर्षानं पाहिलं तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा अभ्यास १९७७ साली छापून आला आणि पुष्कळ डॉक्टर चकित झाले.

याचा अर्थ उपचार फुकट आहेत असा नाही. ज्याचं शरीरच दारूवर अवलंबून झालंय, त्याला दवाखाना आणि औषधं लागतातच. पण व्यसन मुरलेलं नसताना कुणी शांतपणे, नीट माहिती देऊन, माणसाला कमी न लेखता बोललं तर फरक पडतो, याची आशा त्या अभ्यासानं दिली. मग डॉक्टरांना वाटायला लागलं की शेवटच्या पायरीवरच्या माणसापेक्षा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचा माणूस शोधायला हवा. आणि तिथे 'केज' कमी पडत होतं. सकाळी उठून पिणारा माणूस फार पुढे गेलेला असतो.

दहा प्रश्नांचं ऑडिट

१९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामाला हात घातला. नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका असे सहा देश निवडले. श्रीमंत आणि गरीब, बिअर पिणारे आणि कडक दारू पिणारे, सगळे त्यात आले. साध्या आरोग्य केंद्रांत येणाऱ्या जवळजवळ १९०० लोकांना भरपूर प्रश्न विचारले, तपासण्या केल्या, आणि त्यातून सगळ्या देशांत चालतील असे दहा प्रश्न निवडले. १९८९ साली त्याची पुस्तिका निघाली. या दहा प्रश्नांच्या इंग्रजी नावाचं आखूड रूप होतं 'ऑडिट'. आपल्या गटाच्या हिशेबाचं जसं दरवर्षी ऑडिट होतं, तसंच हे पिण्याचं ऑडिट.

यातले पहिले तीन प्रश्न पिण्याच्या हिशेबाचे आहेत: किती वेळा पिता, प्यायला बसलात की साधारण किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं असं किती वेळा होतं. पुढचे तीन प्रश्न ताबा सुटल्याचे आहेत: सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, दारूमुळे ठरलेलं काम राहिलं का, सकाळी प्यावी लागते का. शेवटचे चार त्रासाचे: मनाला टोचणी, रात्रीचं काही न आठवणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणं, आणि दहावा प्रश्न असा की नातेवाइकांनी, मित्रांनी किंवा डॉक्टरांनी तुमच्या पिण्याची काळजी करून कमी करायला सांगितलं का. घरच्या बाईचं म्हणणं या दहाव्या प्रश्नातून केसपेपरपर्यंत पोचतं.

प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण ४०. आठच्या खाली असेल तर दारूच्या धोक्यांची माहिती द्यायची. आठ ते पंधराला साधा सल्ला. सोळा ते एकोणीसला समुपदेशन आणि नजर ठेवणं. वीस किंवा जास्त असेल तर तज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवायचं. म्हणजे माणूस 'दारुडा' की 'चांगला' असे दोनच कप्पे राहिले नाहीत, मधल्या पायऱ्या आल्या.

'सहा मापं' म्हणजे काय ते समजून घेऊ. एक माप म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची क्वार्टर १८० मिलीची असते. बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असेल तर तिच्यात साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे एक क्वार्टर झाली सहा मापं! "मी काय, एक क्वार्टरच घेतो" असं म्हणणारा माणूस दर बैठकीला जगभरच्या डॉक्टरांनी ठरवलेल्या धोक्याच्या रेषेवर बसलेला असतो. हातभट्टीवर तर काही छापलेलंच नसतं, त्यामुळे तिचं माप कुणालाच सांगता येत नाही.

पुढे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आणखी एक मोठा अभ्यास छापला. जास्त पिणाऱ्या पुरुषांना थोडा सल्ला दिला, तर सल्ला न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं रोजचं पिणं सरासरी १७ टक्क्यांनी कमी राहिलं. पाच मिनिटांचा सल्लाही लांबलचक बोलण्याइतकाच उपयोगी ठरला. बायकांच्या बाबतीत तर जिला फक्त प्रश्न विचारले होते आणि सल्ला दिला नव्हता, तिचंही पिणं कमी झालं.

दहा प्रश्नही जास्त वाटतात, म्हणून १९९८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत पहिले तीनच प्रश्न विचारून पाहिले. प्राथमिक चाळणीसाठी तेवढे पुरतात असं दिसलं.

बायकांसाठी बदललेला प्रश्न

दारू पिणाऱ्या बाईबद्दल आपण बोलत नाही. पण काही समाजांत, काही कामांत बायकाही पितात, आणि त्यांना लपवावंही जास्त लागतं. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात रॉबर्ट सोकोल हे प्रसूतितज्ज्ञ होते. गरोदरपणात दारू प्यायली तर पोटातल्या बाळाला इजा होते, म्हणून वेळीच कळणं गरजेचं होतं. पण "पिता का" असं विचारलं की लाजेनं खरं उत्तर येत नसे. म्हणून त्यांच्या गटानं १९८९ साली 'केज'मधला टोचणीचा प्रश्न काढला आणि त्या जागी विचारलं, "तुम्हाला चढायला किती लागते?" यात बाईला दोष दिल्यासारखं वाटत नाही, म्हणून ती उत्तर देते. जिला चढायला जास्त लागते, तिच्या अंगाला सवय झाली आहे हे त्यावरून कळतं. आपल्या गटात अशी कुणी असेल तर तिच्याशीही याच रीतीनं बोलायला हवं.

गोव्यात काय झालं

आता आपल्याजवळ येऊ. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे ऑडिटचे दहा प्रश्न वापरले. दुसऱ्याच कशासाठी दवाखान्यात आलेल्या पुरुषांना प्रश्न विचारले आणि ज्यांचे गुण १२ ते १९ आले असे ३७७ जण घेतले. म्हणजे मधल्या पायऱ्यांवरची माणसं. निम्म्यांवर डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीनं उपचार केले. बाकीच्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. आणि हे समुपदेशन डॉक्टरांनी केलं नाही, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केलं.

२०१७ साली निकाल छापून आला. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरात ४२ जणांनी मागच्या चौदा दिवसांत दारूला हात लावला नव्हता. दुसऱ्या गटात असे शंभरात १८ होते. पण त्याच अहवालात असंही लिहिलं आहे की बायकोला होणाऱ्या मारहाणीत मात्र दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

हे आपण नीट ऐकून ठेवायला हवं. "दारू सुटली की मार आपोआप थांबेल, तोवर सहन कर" असं बायकांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्याची खात्री नाही. दारूचा इलाज दारूसाठी, आणि मारहाणीसाठी ११२ किंवा १८१ हे नंबर, कायदा आणि गटाची साथ. एकीसाठी दुसरीला थांबवायचं नाही.

आपल्या गावात हे प्रश्न कुठे आहेत?

महाराष्ट्रातल्या बायका दारूविरुद्ध फार वर्षं लढताहेत. गडचिरोलीत मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. गावागावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, ते व्यसन पक्कं झालेल्यांसाठी. दुकान बंद करणं आणि पक्क्या व्यसनावर उपचार, ही दोन टोकं आपण ओळखतो. त्यांच्या मधे जो माणूस आहे, त्याला विचारणारं कुणी नाही. २०१९ साली केंद्र सरकारचा पाहणी अहवाल आला. देशात साधारण पावणेसहा कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि जे पूर्ण अवलंबून झालेत त्यांच्यातसुद्धा ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाले, असं त्यात आहे.

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरते, तो तुम्ही पाहिला असेल. तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार असं त्यात विचारलेलं असतं. त्यात दारूचाही एक प्रश्न आहे: तुम्ही रोज दारू पिता का? प्रश्न आहे हे चांगलंच आहे. पण 'रोज' या शब्दावर थांबा. शनिवारी पगार झाला की दोन क्वार्टर पिणारा माणूस खरंखुरं उत्तर देईल, "नाही, रोज नाही." आणि पंचविशीतल्या मुलाला तर तो फॉर्म लागूच नाही. आत्ता सांगितलेला सगळा इतिहास याच भोकाबद्दल आहे. सहा देशांनी मिळून 'एका बैठकीत सहा मापं किती वेळा' हा प्रश्न त्यासाठीच घातला.

मग आपण काय करायचं?

पहिलं, गटाच्या बैठकीला आशाताईला आणि आरोग्य अधिकाऱ्यांना बोलवा. आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला, जमलं तर प्रत्येक बाईलाही, केसपेपर काढतानाच दारूचे तीन प्रश्न विचारा, अशी मागणी करा. बीपी सगळ्यांचं मोजतात, तसं हेही सगळ्यांना विचारलं की कुणाला एकट्याला पकडल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, हे प्रश्न म्हणजे पंचनामा नाही. ते बैठकीत मोठ्यानं वाचून कुणाच्या नवऱ्याचे गुण काढायचे नाहीत. उत्तर त्या माणसानं स्वतः द्यायचं, आणि ते डॉक्टर व त्याच्यातच राहायचं. नवऱ्याला प्रश्न विचारणं ही बायकोची ड्यूटी नाही. त्याचे गुण किती आले यावर तिची लायकी ठरत नाही.

तिसरं, आणि हे जिवाशी खेळ असलेलं. जो रोज भरपूर पितो, त्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. अंग थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, असं होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. सरकारची नशामुक्तीची फुकट हेल्पलाईन आहे, नंबर १४४४६. लिहून घ्या, गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर.

आणि एक, बोलायची रीत. वेळ निवडायची ती शुद्धीत असतानाची. "जरा सांगा बघू, आजकाल पिण्याचं कसं चाललंय?" एवढंच दिरानं, मित्रानं, शेजारच्या काकांनी विचारावं. ज्या घरात विचारल्यावर मार पडतो, तिथे बाईनं विचारायची जोखीम घेऊ नये. तिथे विचारायचं काम दवाखान्याचं. दवाखान्यानं ते करावं म्हणून आग्रह धरायचं काम आपलं, सगळ्या गटाचं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या आणि आरोग्य केंद्राला द्यायचं पत्र तिथेच लिहा. पत्राला काय उत्तर आलं ते आपल्या रेडिओवर नक्की कळवा.